मोबाइलच्या बॅटरीचे आरोग्य वर्षानुवर्षे कसे टिकते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा फोन दोन-तीन वर्षांचा झाला आहे, ज्यांना सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही आणि आता नवा फोन घ्यावा की आहे तोच चालवावा असा प्रश्न पडला आहे, अशा पुणेकर वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. चांगला चालणारा फोन केवळ बॅटरी थकली म्हणून कपाटात जाऊ नये, ही त्यामागची मनापासूनची इच्छा आहे.

फोनमध्ये बॅटरी हेल्थ ८५ टक्के दिसते, म्हणजे नेमके काय?

बॅटरी नवी असताना तिच्यात जितका विद्युतभार साठत होता, त्याच्या ८५ टक्केच आता साठतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ५००० एमएएच क्षमतेची बॅटरी आता साधारण ४२५० एमएएचची उरली आहे आणि पडद्यावर १०० टक्के दिसते ते या उरलेल्या क्षमतेच्या १०० टक्के असते.

मात्र हा आकडा थेट मोजलेला नसून अंदाजाने काढलेला असतो. बॅटरीत किती प्रवाह गेला, किती बाहेर आला आणि त्या वेळी व्होल्टेज किती होते यांच्या नोंदी ठेवून फोनमधील चिप हे गणित मांडत असते. त्यामुळे तो कधी महिनोन्‌महिने एकाच जागी थांबतो, कधी एखाद्या अपडेटनंतर एकदम दोन टक्के उतरतो. अनेक नव्या बॅटऱ्यांची खरी क्षमता छापील आकड्यापेक्षा किंचित जास्त असल्याने पहिले काही महिने तो १०० वरच राहतो, यातही नवल नाही. दर आठवड्याला हा आकडा उघडून काळजी करत बसण्यात अर्थ नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा पाहिला तरी पुरे.

बॅटरी २० टक्के असतानाच फोन अचानक बंद पडतो. असे का होते?

बॅटरी जुनी होताना तिची साठवणक्षमता कमी होते आणि त्याबरोबरच तिचा अंतर्गत रोधही वाढतो. कॅमेरा उघडणे, नकाशा सुरू करणे किंवा व्हिडिओ कॉल लावणे अशा वेळी फोन क्षणभर बराच प्रवाह मागतो. रोध वाढलेल्या बॅटरीचे व्होल्टेज त्या क्षणी एकदम खाली येते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. चार्ज शिल्लक असतो, पण बॅटरी तो हव्या त्या वेगाने देऊ शकत नाही. हे वारंवार होऊ लागले, तर टक्केवारी काहीही दिसत असली तरी बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे.

मी फोन फारसा वापरत नाही. तरीही बॅटरी का झिजते?

यासाठी बॅटरीच्या आत काय चालते ते थोडे समजून घ्यावे लागेल. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिची मूळ रचना आजही तीच आहे. एका बाजूला ग्रॅफाइटचा थर, दुसऱ्या बाजूला बहुतेक फोनमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा थर आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचा द्राव असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरताना परत येतात.

पहिल्याच चार्जिंगच्या वेळी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो आवश्यकच असतो, कारण त्याच्यामुळे पुढचे विघटन रोखले जाते. पण ते पूर्णपणे थांबत नाही. थर हळूहळू जाड होत जातो आणि जाड होताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही; क्षमता घटते ती मुख्यतः यामुळे. ही क्रिया फोन कपाटात पडून असतानाही चालूच राहते. शिवाय प्रत्येक चार्जिंगला ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगते आणि पुन्हा आकसते, त्या हालचालीत थराला बारीक तडे जातात आणि ते भरून काढण्यात आणखी लिथियम खर्ची पडते.

म्हणून झीज दोन प्रकारची असते. एक काळानुसार होणारी आणि दुसरी वापरानुसार होणारी. कमी वापरणाऱ्याची दुसरी झीज वाचते, पण पहिली वाचत नाही. आणि त्याचा फोन कायम चार्जरला लावलेला, कायम १०० टक्क्यांवर असेल तर पहिली उलट वाढते.

एक बॅटरी साधारण किती वर्षे टिकावी?

याचे उत्तर वर्षांपेक्षा चार्जिंगच्या सायकलमध्ये देणे जास्त योग्य आहे. सायकल म्हणजे चार्जर लावण्याची एक खेप नव्हे. बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतका वापर झाला की एक सायकल धरली जाते. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरली, तर दोन दिवस मिळून एकच सायकल झाली.

ॲपलने आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनसाठी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरेल असे उद्दिष्ट सांगितले आहे आणि आयफोन १५ पासून ते १००० सायकलपर्यंत वाढवले आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथे विक्रीला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनसाठी ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता ही अट घातली आहे. आपल्याकडे मिळणारे बरेचसे फोन जगभर विकले जात असल्याने या नियमाचा लाभ आपल्यालाही थोडाफार होईल अशी आशा वाटते.

रोज जवळजवळ एक सायकल वापरणाऱ्याच्या ५०० सायकल दीड वर्षाच्या आतच संपतात, ८०० सायकलला दोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो आणि १००० सायकलला पावणेतीन वर्षे. ८० टक्के ही काही अखेरची रेषा नाही. त्यानंतरही फोन चालतो, फक्त दुपारी एकदा चार्जर शोधावा लागतो.

पुण्याच्या हवामानाचा बॅटरीवर परिणाम होतो का?

होतो, आणि या संपूर्ण विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. वर सांगितलेला थर जाड होण्याची क्रियाही त्याला अपवाद नाही. आयफोन शून्य ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत वापरावा असे ॲपल सांगते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि लोहगाव, कोरेगाव पार्क यांसारख्या भागांतील नोंदी अनेकदा शिवाजीनगरपेक्षाही चढ्या असतात. म्हणजे वर्षातले काही आठवडे फोन सावलीतसुद्धा या मर्यादेबाहेर असतो.

प्रत्यक्षात सर्वाधिक हाल होतात ते दुचाकीच्या हँडलवर लावलेल्या फोनचे. मे महिन्याच्या दुपारी कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला थांबलेल्या एखाद्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा फोन पाहा. पडद्यावर थेट ऊन, उन्हात दिसावे म्हणून उजेड पूर्ण वाढवलेला, नकाशा सुरू, जीपीएस सुरू, मोबाइल डेटा सुरू आणि चार्जिंग संपू नये म्हणून खिशातल्या पॉवर बँकेची वायर जोडलेली. काही मिनिटांत पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबते आणि फोन तापल्याची सूचना येते. तो मुलगा हाताने सावली करून रस्ता पाहतो. बॅटरीला त्रास देणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी तिथे एकाच वेळी घडत असतात आणि अशा कामातला फोन वर्षभरातच थकला, तर त्यात त्या मुलाचा काहीही दोष नसतो. त्याच्यासाठी व्यवहार्य उपाय एवढेच, की होल्डरला वरून सावली देणारी टोपी बसवावी, शक्य तिथे कानात आवाजी सूचना ऐकून पडदा बंद ठेवावा आणि चार्जिंग थांब्यावर, सावलीत करावे.

उन्हात उभ्या केलेल्या चारचाकीच्या डॅशबोर्डवर फोन विसरू नये. तिथले तापमान ६० अंशांच्याही वर जाऊ शकते. घरात पश्चिमेच्या खिडकीत, गॅसच्या ओट्यावर किंवा वायफायच्या राउटरवर फोन ठेवून चार्ज करणे टाळावे. तापलेला फोन थंड करण्यासाठी फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नये, कारण आत बाष्प धरते; पंख्याखाली, कव्हर काढून ठेवणे पुरेसे आहे.

पुण्याच्या थंडीची काळजी करण्याचे कारण नाही. जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांखाली गेला तरी खिशातला किंवा घरातला फोन तेवढा गार होत नाही. लडाख किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी मात्र शून्याखाली गारठलेला फोन लगेच चार्जिंगला न लावता आधी अंगाच्या उबेत आणावा.

रात्रभर फोन चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

‘जास्त चार्ज होऊन’ खराब होत नाही. बॅटरी भरली की फोन स्वतःच प्रवाह तोडतो. प्रश्न वेगळा आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज उच्च असते, आजच्या बऱ्याच फोनमध्ये ४.४ व्होल्टच्या आसपास, आणि त्या पातळीवर धनाग्राकडील, म्हणजे वर सांगितलेल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या थराकडील, रसायने अधिक ताणाखाली असतात. रात्री अकराला लावलेला फोन साडेबाराला भरतो आणि मग सकाळी सहापर्यंत त्याच ताणाखाली पडून राहतो. यासाठीच आयफोनमध्ये २०१९ पासून आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही अशी सोय आली आहे, की फोन तुमची उठण्याची वेळ ओळखून ८० टक्क्यांवर थांबतो आणि उरलेले चार्जिंग पहाटे पूर्ण करतो. ही सोय सुरू आहे का, ते सेटिंगमध्ये एकदा पाहून घ्यावे. उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये.

मग चार्जिंग कायम ८० टक्क्यांवरच थांबवावे का?

ज्यांचा दिवस ८० टक्क्यांत निभावतो, त्यांनी जरूर थांबवावे. आयफोन १५ पासून पुढे आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तशी मर्यादा घालता येते. ज्यांचे बहुतेक काम घरून किंवा कार्यालयात टेबलाशी बसून चालते, त्यांच्यासाठी ही सवय फार उपयोगी आहे. पण हिंजवडीला रोज जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये काढणाऱ्याने, किंवा आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याने, बॅटरी वाचवण्यासाठी संध्याकाळी फोन बंद पडण्याचा धोका पत्करू नये. फोन आपल्या सोयीसाठी आहे. प्रवासाच्या दिवशी १०० टक्के भरा आणि इतर दिवशी मर्यादा ठेवा, एवढा समतोल पुरतो.

महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवावी, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

नाही. तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता. लिथियम-आयनला मधूनमधून थोडे थोडे चार्ज करणेच मानवते. टक्केवारी अगदीच उलटसुलट दाखवू लागली, तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने मोजणारी चिप सावरते. त्याने बॅटरीची क्षमता वाढत नाही.

फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर जाते का?

लोकांना वाटते तेवढी नाही. फास्ट चार्जिंगचा खरा वेग पहिल्या अर्ध्या भागातच असतो. बॅटरी भरत आली की व्होल्टेज एका ठरावीक पातळीवर स्थिर ठेवून फोन प्रवाह हळूहळू कमी करत जातो. म्हणूनच शेवटचे १० टक्के भरायला इतका वेळ लागतो. बऱ्याच उच्च वॉटच्या फोनमध्ये बॅटरी दोन सेलमध्ये विभागलेली असते, त्यामुळे प्रत्येक सेलवरचा भार निम्मा होतो.

धोका आहे तो उष्णतेचा. आधीच तापलेल्या फोनवर गेम खेळत किंवा व्हिडिओ पाहत फास्ट चार्जिंग करणे ही वाईट सवय आहे. रात्री घाई नसते, तेव्हा सेटिंगमधून फास्ट चार्जिंग बंद ठेवता येते किंवा साधा कमी वॉटचा चार्जर वापरता येतो. वायरलेस चार्जिंगमध्ये बरीच ऊर्जा उष्णतेत वाया जाते, म्हणून उन्हाळ्यात मी वायरच सुचवेन.

दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालेल का?

चालेल, मात्र तो बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) नोंदणी चिन्ह असलेला आणि तुमच्या फोनची चार्जिंग पद्धत ओळखणारा असावा. स्थानकाबाहेर टोपलीत मिळणारा विनानावाचा चार्जर घेऊ नये.

बॅटरी हेल्थ चांगली दिसते, तरीही दिवसभर पुरत नाही. असे का?

तेव्हा दोष बॅटरीत नसून वापरात किंवा रेंजमध्ये असण्याची शक्यता जास्त. तळघरातल्या कार्यालयात, पार्किंगमध्ये किंवा सिंहगडाच्या पायथ्याच्या एखाद्या गावात रेंज कमी असली, की फोन टॉवरशी संपर्क टिकवण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो आणि ५जी-४जीमध्ये सतत अदलाबदल करत राहतो. अशा ठिकाणी वायफाय असेल तर त्यावर राहावे, नसेल तर ४जी निश्चित करून ठेवावे. सेटिंगमधील बॅटरीच्या पानावर कोणत्या ॲपने किती खर्च केला तेही दिसते. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतल्या आत बरीच कामे करत असतो, तेव्हाचा खर्च पाहून घाईने निष्कर्ष काढू नये.

हेल्थचा आकडा कुठे पाहायचा?

आयफोनमध्ये सेटिंगमधील बॅटरी विभागात तो दिसतो आणि आयफोन १५ पासून सायकलची संख्याही दिसते. पिक्सेल ८ए आणि त्यानंतरच्या पिक्सेल फोनमध्येही आता अशी सोय आहे. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स या ॲपमधून बॅटरीची तपासणी करता येते. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये शोधावे. बाहेरची ॲप्स जे आकडे देतात, ते आठवडाभराच्या नोंदींनंतरच विचारात घ्यावेत.

फोन जुना झाला की कंपन्या मुद्दाम तो हळू करतात, हे खरे आहे का?

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले, की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जात होता, जेणेकरून ते अचानक बंद पडू नयेत. तांत्रिक कारण समजण्यासारखे होते. ग्राहकाला न सांगणे मात्र चूकच होते. त्यानंतर २०१८ मध्ये कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर कमी केला आणि बॅटरी हेल्थचे पान सर्वांना दिसू लागले. यातून कळण्याची गोष्ट अशी, की फोन मंदावला तर कधीकधी केवळ बॅटरी बदलल्याने तो पुन्हा पूर्वीसारखा चालतो.

बॅटरी कधी बदलावी आणि पुण्यात कुठे?

हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली गेली आहे आणि त्याचा रोज त्रास होतो, किंवा फोन अचानक बंद पडतो, तेव्हा बदलावी. नुसता आकडा ७९ झाला म्हणून बदलण्याची गरज नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे. फोनला अजून दोन-तीन वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार असतील, तर बॅटरीवर खर्च करणे नव्या फोनपेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे. अपडेट कधीच बंद झाली असतील, तर थोडा विचार करावा.

बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात दुरुस्तीची अनेक छोटी दुकाने आहेत आणि त्यांत हात चांगला बसलेले कारागीर आहेत. चांगल्या कारागिराचे काम पाहण्यासारखे असते. तो फोन गरम पट्टीवर ठेवून मागच्या काचेचा डिंक सैल करतो, पातळ प्लॅस्टिकची पट्टी कडेने सावकाश फिरवतो, काच उचलताच सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवतो आणि मग बॅटरीखाली अल्कोहोलचे थेंब सोडून डिंक विरघळेपर्यंत थांबतो. जो लोखंडी पाते घालून बॅटरी उचकटतो, त्याच्याकडे फोन देऊ नये. पाते लागून सेल फाटला तर तिथेच पेट घेऊ शकतो.

दुकानदाराला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. बॅटरी कंपनीची आहे की दुसऱ्या उत्पादकाची, तिच्यावर किती महिन्यांची लेखी हमी आहे आणि जुनी बॅटरी परत मिळेल का. छापील क्षमता मूळ बॅटरीपेक्षा फारच जास्त असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये, कारण तेवढ्याच जागेत तेवढी वाढ होत नाही. २०१८ नंतरच्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी घातल्यास तिची ओळख पटत नसल्याची सूचना येते. फोन चालतो, पण हेल्थचा आकडा मिळेलच असे नाही. फोन एकदा उघडला, की पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहील हे गृहीत धरू नये. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे.

फोनचा पडदा किंवा मागची बाजू उचलल्यासारखी दिसते. काय करावे?

बॅटरी फुगली आहे. आत इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून वायू तयार झाला की असे होते. चार्जर ताबडतोब काढा, फोन बंद करा, दाबून पडदा परत बसवण्याचा प्रयत्न करू नका, टोचू नका आणि कापड-कागदांपासून दूर, फरशीवर ठेवा. शक्य तितक्या लवकर सर्व्हिस सेंटरला न्या. डेटा काढून घेण्यासाठीही तो पुन्हा चार्ज करू नका. दुरुस्तीवाला बॅटरी बदलून तो काढून देऊ शकतो.

जुना फोन अडीअडचणीला म्हणून कपाटात ठेवायचा आहे. कसा ठेवावा?

सुमारे ५० टक्के चार्ज करून, बंद करून, गार आणि कोरड्या जागी ठेवावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत भरावा. पूर्ण भरून ठेवला तर क्षमता लवकर घटते. पूर्ण उतरलेला ठेवला तर बॅटरी इतकी खोल उतरू शकते, की पुन्हा चार्जच घेत नाही.

सिलिकॉन-कार्बन बॅटरी जास्त टिकते का?

तिच्यात त्याच आकारात जास्त भार मावतो, म्हणून आता ६०००-७००० एमएएचचे फोन सडपातळ राहतात. सिलिकॉन चार्ज होताना ग्रॅफाइटच्या कितीतरी पट फुगते, म्हणून ते कार्बनमध्ये मिसळून थोड्या प्रमाणात वापरले जाते. मोठ्या बॅटरीचा सरळ फायदा असा, की त्याच वापरात सायकल कमी होतात. मात्र हे तंत्र फोनमध्ये २०२३ पासूनच आले असल्याने, घेताना कंपनीने किती सायकलची हमी दिली आहे ते वाचून घ्यावे.

काढलेली जुनी बॅटरी कुठे द्यावी?

ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात मुळीच टाकू नये. कचरागाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेटू शकते आणि त्याची झळ आधी बसते ती कचरा हाताळणाऱ्या माणसाला. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती देण्याचा आग्रह धरावा. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा घेते. सोसायटीत तशी मोहीम असेल तेव्हा ती वेगळी द्यावी. देण्याआधी कनेक्टरवर चिकटपट्टी लावावी, बॅटरी स्वतंत्र पिशवीत ठेवावी आणि पिशवीवर ठळक अक्षरांत ‘बॅटरी’ असे लिहावे.